वायगावच्या हळदीतले कुरकुमीन : सीएचएनचे पाच अहवाल

वर्धा जिल्ह्यातले, तालुक्याच्या गावचे एक महाविद्यालय. एमएस्सी रसायनशास्त्राचा प्रकल्प दोन टप्प्यांचा होता. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव (हळद्या) भागातल्या, भौगोलिक मानांकन मिळालेल्या हळदीतून कुरकुमीन, म्हणजे तिचे पिवळे रंगद्रव्य, काढून ते शुद्ध असल्याचे दाखवायचे, हा पहिला. त्याच कुरकुमीनवर हायड्राझिनची क्रिया करून पायराझोल (दोन नायट्रोजन असलेले वलय) बनवायचे, हा दुसरा. प्रयोगशाळेत सॉक्सलेट (विद्रावकाने अर्क काढायचे उपकरण), रोटाव्हेपर (विद्रावक उडवायचे यंत्र), यूव्ही दिवा, तेलाचा निर्वात पंप आणि ०.१ मिलीग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू एवढी सामग्री होती. सीएचएन विश्लेषक (नमुना जाळून त्यात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन किती टक्के ते मोजणारे यंत्र) आणि एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कोणत्या प्रकारचे आणि किती ते दाखवणारे यंत्र) नव्हते. त्यासाठी व्हायल स्पीड पोस्टाने मोठ्या शहरातल्या उपकरण केंद्राकडे पाठवायच्या आणि अहवालाची वाट पाहायची. विदर्भातल्या बहुतेक ग्रामीण महाविद्यालयांत हेच चालते, त्यामुळे एका अहवालाची किंमत पैशांपेक्षा आठवड्यांत मोजावी लागते.

कुरकुमीनच्या रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. रेणुभार ३६८.३८. अपेक्षित कार्बन ६८.४७ टक्के, हायड्रोजन ५.४७ टक्के, नायट्रोजन शून्य. ऑक्सिजन नेहमीच्या सीएचएनमध्ये मोजला जात नाही. तो शंभरातून वजा करून काढतात, म्हणून बाकी सगळ्या चुका ऑक्सिजनच्या खात्यावर जमा होतात.

पहिला नमुना : जुळलेला अहवाल

मार्चमध्ये शिजवून वाळवलेली हळकुंडे शेतकऱ्याकडून घेतली, दळली आणि ५० ग्रॅम पूड सॉक्सलेटमध्ये भरली. आधी हेक्झेनने तेल काढले. हळदीतली टर्मेरोन वगैरे तेले राहिली तर पुढे स्फटिक धरत नाहीत, चिकट लगदा होतो. मग अ‍ॅसिटोनने अर्क काढला. अ‍ॅसिटोन उडवून उरलेला नारिंगी गोळा थंड हेक्झेनमध्ये घोटला, गाळला, गरम इथेनॉलमध्ये विरघळवून पाणी घालत पुन्हा खाली बसवला. २.१ ग्रॅम नारिंगी पूड मिळाली, म्हणजे हळकुंडाच्या वजनाच्या ४.२ टक्के. ती गाळणकागदावर रात्रभर पंख्याखाली वाळवली. महिना जुलैचा.

टीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांत सुटे करणाऱ्या सिलिकाच्या पट्टीवर, एकच ठिपका आला. विद्रावकात इथाइल अ‍ॅसिटेट भरपूर होते आणि ठिपकाही जाड लावलेला होता, याकडे कोणी पाहिले नाही. द्रवणांक १७६ ते १८० अंश सेल्सिअस. शुद्ध कुरकुमीन १८३ च्या आसपास वितळते. चार अंशांचा पसारा आणि सुरुवातच खाली, ही खूण तिथेच वाचायला हवी होती. सीएचएनचा अहवाल मात्र असा आला:

कार्बन ६८.५२ आणि ६८.४४, हायड्रोजन ५.५२ आणि ५.४९, नायट्रोजन ०.०८.

सरासरी कार्बन ६८.४८. अपेक्षेपेक्षा ०.०१ ने जास्त. हायड्रोजन ०.०३ ने जास्त. “सर, जुळलं! आता पायराझोल लावू का?” असे विद्यार्थिनीने विचारले, आणि अहवाल हातात असताना नाही म्हणायला काही कारण दिसत नव्हते.

इथे ०.४ च्या नियमाचा खुलासा करून टाकू, कारण प्रबंधांमध्ये तो हमखास चुकीचा वापरलेला दिसतो. मोजलेल्या आणि अपेक्षित आकड्यांतल्या फरकाची जी ०.४ ची मर्यादा नियतकालिके मागतात ती टक्केवारीच्या अंकांतली असते. ६८.४७ अपेक्षित असेल तर ६८.०७ ते ६८.८७ चालते. ६८.४७ चे ०.४ टक्के, म्हणजे ०.२७, असा तिचा अर्थ नाही. हायड्रोजनसाठीही तेच ०.४ धरतात. पण ५.४७ च्या मानाने ०.४ ही फारच सैल मर्यादा आहे, आणि हायड्रोजन “बसला” म्हणून समाधान मानण्यात फारसा अर्थ नसतो.

तराजूवरची विसंगती

पायराझोलसाठी बरोबर एक मिलीमोल कुरकुमीन तोलायचे होते, म्हणून साठा आधी नीट वाळवायला घेतला. निर्वात ओव्हन नव्हता, जुने ड्राइंग पिस्टल होते. बाहेरच्या आवरणात इथेनॉल उकळत ठेवायचे, म्हणजे आत ७८ अंश स्थिर राहतात. बुडाच्या फुग्यात ओलावा शोषणारे फॉस्फरस पेंटॉक्साइड, मधल्या नळीत नमुन्याची बोट, आणि मागे तेलाचा पंप. ५०० मिलीग्रॅम पूड सहा तास ठेवली, तोलली, पुन्हा दोन तास ठेवली. लागोपाठच्या दोन वजनांत ०.२ मिलीग्रॅमपेक्षा जास्त फरक उरला नाही तेव्हा थांबवले. घट ५.५ मिलीग्रॅम, म्हणजे १.१ टक्के.

आता हिशेब बघा. नमुन्यात १.१ टक्के पाणी आहे. बाकीचे ९८.९ टक्के शुद्ध कुरकुमीन असते तर कार्बन ६८.४७ गुणिले ०.९८९, म्हणजे ६७.७२ यायला हवा होता. आला ६८.४८. पाणी असूनही कार्बन कोरड्या कुरकुमीनएवढा भरतो, याचा अर्थ कोरड्या भागात कार्बन कुरकुमीनपेक्षा जास्त आहे. अहवाल जुळला तो दोन चुका विरुद्ध दिशांनी एकमेकींना खाऊन गेल्या म्हणून.

हे कागदावर दहा मिनिटांत दिसते. त्यासाठी वाळवतानाची घट नोंदलेली असावी लागते, आणि आपल्याकडच्या नोंदवह्यांत नेमकी तीच नसते. “वाळवले” एवढेच लिहिलेले असते. कशात, किती अंशांवर, किती वेळ, किती घट, काही नाही.

पावसाळ्यात विदर्भातल्या प्रयोगशाळेत पंख्याखाली वाळवणे म्हणजे पदार्थ हवेतल्या ओलाव्याशी समतोलात आणणे, एवढेच. डेसिकेटरची (पदार्थ कोरडा ठेवायच्या बंद भांड्याची) अवस्थाही तपासण्यासारखी होती. निळी सिलिका जेल पूर्ण गुलाबी झालेली. ती १२० अंशांवर दोन-तीन तास भाजली की पुन्हा निळी होते आणि काम करते. गुलाबी असताना डेसिकेटर हे नुसते झाकणाचे भांडे. नळाच्या पाण्यावर चालणारा अ‍ॅस्पिरेटरही वाळवणीला पुरत नाही. पाणी ३० अंशांचे असेल तर त्याचा स्वतःचाच बाष्पदाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा असतो. त्याखाली निर्वात जाऊच शकत नाही. मे महिन्यात गच्चीवरची टाकी ४० अंशांवर तापली की हीच मर्यादा ५५ मिलिमीटरला पोचते. गाळायला अ‍ॅस्पिरेटर ठीक, वाळवायला तेलाचा पंपच हवा.

तेलाच्या पंपाला लोडशेडिंगचे पथ्य आहे. लाइट गेली की पंप थांबतो, पण नळीत निर्वात असतोच, आणि पंपाचे तेल मागे चढून येते. मध्ये रिकामा ट्रॅप आणि काचेची चावी हवी. लाइट जाताच आधी चावी बंद करायची. हवा आत सोडताना कॅल्शियम क्लोराइडच्या नळीतून, अगदी हळू. झटक्याने सोडली तर पेंटॉक्साइडची पूड उडून बोटीत पडते. मग तीच अजैविक घाण होऊन सगळ्या टक्केवाऱ्या खाली ओढते. पेंटॉक्साइडवर चिकट पापुद्रा आला की ते शोषायचे थांबते. वरचा थर मोडायचा किंवा नवे भरायचे.

दुसरा नमुना : कोरडा आणि न जुळणारा

वाळवलेल्या साठ्यातून दहा मिलीग्रॅम तपकिरी काचेच्या व्हायलमध्ये भरून, झाकणाला पॅराफिल्म लावून, फॉइलमध्ये गुंडाळून पाठवले. कुरकुमीन उजेडाने बिघडते, म्हणून तपकिरी व्हायल. पॉलिथिनच्या पुडीत पाठवू नये. स्थिर विजेने निम्मी पूड पिशवीला चिकटते आणि केंद्रातल्या माणसाला खरवडून काढावी लागते.

अहवाल: कार्बन ६९.२४ आणि ६९.१७, हायड्रोजन ५.४२ आणि ५.४५. कार्बन ०.७ पेक्षा जास्त वर, म्हणजे नापास. वाळवून नापास झालेला नमुना हा न वाळवता पास झालेल्यापेक्षा जास्त कामाचा होता.

कार्बन वर का गेला? कार्बन कमी येण्याची कारणे ढीगभर असतात: पाणी, इथेनॉल, राख, अर्धवट ज्वलन. डायक्लोरोमिथेन तर फार वाईट. त्यात कार्बन जेमतेम १४ टक्के, त्यामुळे एक टक्का राहिले तरी कार्बन अर्ध्या अंकाहून जास्त खाली येतो. कार्बन जास्त येण्याची कारणे मोजकी असतात, म्हणून तो वाचायला सोपा. या नमुन्यासाठी तीन संशयित होते.

हेक्झेन. त्यात कार्बन ८३.६ आणि हायड्रोजन १६.४ टक्के. कार्बन ०.७४ ने वर न्यायला सुमारे पाच टक्के हेक्झेन लागेल आणि तेवढ्याने हायड्रोजन ६.० पर्यंत जाईल. अहवालात हायड्रोजन ५.४४. हेक्झेन बाद. व्हॅक्यूम ग्रीसही याच कारणाने बाद, तिच्यातही हायड्रोजन भरपूर असतो.

हळदीचे तेल. अ‍ॅरोमॅटिक टर्मेरोनमध्ये कार्बन ८३.३ आणि हायड्रोजन ९.३ टक्के. हेही पाच टक्क्यांच्या आसपास लागेल आणि हायड्रोजन ५.६६ पर्यंत चढेल. हेक्झेनइतके स्पष्ट नाही, ०.४ च्या मर्यादेत हे सहज लपेल. पण आढळलेला हायड्रोजन चढलेला नाही, किंचित उतरलेला आहे.

तिसरा संशयित हळदीतच कुरकुमीनच्या शेजारी बसलेला. हळदीत तीन कुरकुमिनॉइड असतात. कुरकुमीनच्या दोन्ही वलयांवर मेथॉक्सी गट (ऑक्सिजनला जोडलेला मिथाइल) असतो. एका वलयावरचा गेला की डिमेथॉक्सीकुरकुमीन, दोन्ही गेले की बिसडिमेथॉक्सीकुरकुमीन. प्रत्येक मेथॉक्सी गटासोबत एक कार्बन, दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन जातो. ऑक्सिजन जड, म्हणून उरलेल्या रेणूत कार्बनचा वाटा वाढतो आणि हायड्रोजनचा थोडा घटतो. डिमेथॉक्सीत कार्बन ७१.०० आणि हायड्रोजन ५.३६, बिसडिमेथॉक्सीत कार्बन ७४.०१ आणि हायड्रोजन ५.२३. कार्बन वर, हायड्रोजन किंचित खाली. अहवालाची दिशा हीच होती.

सीएचएन इथपर्यंत आणून सोडते. मिश्रणात कोण किती, हे दोन आकड्यांतून काढता येत नाही. त्यासाठी टीएलसी पुन्हा केली. या वेळी क्लोरोफॉर्ममध्ये पाच टक्के मिथेनॉल, ठिपका बारीक केशनलिकेने, एकदाच टेकवलेला. तीन पिवळे ठिपके स्पष्ट सुटले: वर कुरकुमीन, मध्ये डिमेथॉक्सी, खाली बिसडिमेथॉक्सी. विद्रावकाच्या टोकाशी यूव्हीखाली काही दिसले नाही, म्हणजे तेलाचा संशयही गेला.

एनएमआरचा आलेख आधीच आलेला होता आणि त्यावर “शुद्ध” असा शेरा होता. तो पुन्हा काढून ७.६ पीपीएमजवळच्या विनाइल द्विशिखेला दोन हायड्रोजन धरून मोजले, तर ३.८४ चा मेथॉक्सी संकेत सहाऐवजी पाचच्या जवळ भरला. शिखर योग्य जागी आहे हे पाहिले गेले होते, क्षेत्रफळ कोणी पाहिले नव्हते. उच्च विभेदनाचा वस्तुमान वर्णपटही शंका दूर करू शकला नसता. तो ३६९.१३ ला मोठे शिखर दाखवून कुरकुमीन आहे असे सांगतो, आणि ३३९ व ३०९ ची छोटी शिखरे तुकडे समजून सोडून दिली जातात. पदार्थ डबीत आहे की नाही हे वस्तुमान वर्णपट सांगतो. डबीत फक्त तोच आहे का, हा प्रश्न मूलद्रव्य विश्लेषणाचा.

दोन मिलीग्रॅमचे काय होते

उपकरणात काय घडते हे माहीत असले की पुढचा अहवाल वाचायला सोपा जातो. १८३१ मध्ये लीबिगने ज्वलनातून कार्बन मोजायची पद्धत बसवली तेव्हा शेकडो मिलीग्रॅम पदार्थ लागायचा. प्रेग्लने ते काही मिलीग्रॅमवर आणले आणि त्याबद्दल त्याला १९२३ चे नोबेल मिळाले. आजचे उपकरण त्याच्याच वाटेने जाते. दोनेक मिलीग्रॅम नमुना कथिलाच्या चिमुकल्या कॅप्सूलमध्ये बंद करून सुमारे ९५० ते १००० अंशांच्या नळीत टाकतात, त्याच क्षणी ऑक्सिजनचा झोत सोडतात. कथिल पेटते आणि क्षणभर तापमान १८०० अंशांच्या आसपास जाते. हेलियमच्या प्रवाहात वायू तप्त तांब्यावरून जातात. तिथे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे नायट्रोजन होते आणि उरलेला ऑक्सिजन अडवला जातो. मग नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ वेगवेगळ्या होऊन औष्णिक वाहकता शोधकावर मोजल्या जातात. प्रत्येक फेरीत अ‍ॅसिटॅनिलाइडसारखा प्रमाण पदार्थ लावतात. त्यात कार्बन ७१.०९, हायड्रोजन ६.७१, नायट्रोजन १०.३६. आपल्या नमुन्याच्या आधी आणि नंतर अ‍ॅसिटॅनिलाइड किती आले, हे केंद्राकडे मागता येते आणि मागावे.

२.००० मिलीग्रॅम कुरकुमीन जळले तर ५.०२ मिलीग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.९८ मिलीग्रॅम पाणी तयार होते. तोलताना ०.०१ मिलीग्रॅमची चूक म्हणजे अर्धा टक्का, आणि तेवढ्याने कार्बन ०.३४ ने हलतो. जवळजवळ सगळी मुभा तिथेच खर्च. म्हणून हे तोलणे एक मायक्रोग्रॅम वाचणाऱ्या तराजूवरच होते. महाविद्यालयातल्या तराजूवर कॅप्सूल भरून पाठवायचा विचारही करू नये.

तिसरा नमुना : शुद्ध, पण कमी

एक ग्रॅम मिश्रण कॉलमवर, म्हणजे पदार्थ वेगळे करणाऱ्या सिलिका भरलेल्या नळीवर, घेतले. १०० ते २०० मेशची ६० ग्रॅम सिलिका, डायक्लोरोमिथेनमध्ये भरलेली. सुरुवात नुसत्या डायक्लोरोमिथेनने, मग एक टक्का मिथेनॉल, शेवटी तीन टक्के. कुरकुमीन ०.७१ ग्रॅम, डिमेथॉक्सी ०.१५, बिसडिमेथॉक्सी ०.०५ मिळाले. बाकी अधल्यामधल्या मिश्र भागांत आणि कॉलमवर राहिले. तिघांचे आपसातले प्रमाण ७८, १६.५ आणि ५.५. या प्रमाणाने कोरड्या मिश्रणाचा कार्बन ६९.१९ आणि हायड्रोजन ५.४४ येतो. दुसऱ्या अहवालात होते तेच. त्यात १.१ टक्के पाणी मिसळा: ६८.४३ आणि ५.५०. हा पहिला अहवाल.

वेगळे केलेले कुरकुमीन टीएलसीवर एकठिपकी, द्रवणांक १८२ ते १८३. पिस्टलमध्ये वाळवून पाठवले. आले कार्बन ६७.५८, हायड्रोजन ५.४०. कार्बन ०.८९ ने कमी.

पहिला अंदाज पुन्हा पाण्याचा होता आणि तो चूक होता. पाणी असते तर कार्बन उतरताना हायड्रोजन चढला असता. इथे दोन्ही उतरले, तेही एकाच प्रमाणात. ६७.५८ भागिले ६८.४७ म्हणजे ०.९८७. ५.४० भागिले ५.४७ म्हणजेही ०.९८७. दोन्ही मूलद्रव्ये सारख्या पटीने घटली की नमुन्यात असे काहीतरी आहे ज्यात ना कार्बन आहे ना हायड्रोजन. कार्बन भागिले हायड्रोजन हे गुणोत्तर शुद्ध कुरकुमीनसाठी १२.५१ असते. इथेही १२.५१ च. कोरड्या मिश्रणात ते १२.७ होते.

कॉलमनंतर अजैविक घाण म्हणजे बहुतेक वेळा सिलिकाच. १०० मिलीग्रॅम नमुना स्थिर वजनाच्या क्रुसिबलमध्ये आधी मंद आचेवर, मग लाल होईपर्यंत जाळला. १.३ मिलीग्रॅम पांढरी राख उरली, हायड्रोक्लोरिक आम्लात न विरघळणारी. हिशेबातही घट १.३ टक्केच होती. कॉलमच्या तळाला कापसाचा बोळा सैल होता आणि त्यावर वाळूचा थर नव्हता. गोळा केलेले भाग व्हॉटमन क्रमांक १ मधून गाळले होते, पण त्याची छिद्रे सुमारे ११ मायक्रॉनची. सिलिकाचा बारीक भुगा त्यातून निघून जातो आणि रोटाव्हेपरच्या फ्लास्कमध्ये पदार्थासोबत बसतो. डोळ्याला दिसत नाही, टीएलसीवर दिसत नाही, एनएमआरमध्येही दिसत नाही, कारण तो विरघळतच नाही.

उपाय साधा. पदार्थ इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवून ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई सिरिंज फिल्टरमधून काढला, विद्रावक उडवला, मिथेनॉल-पाण्यातून स्फटिक केले, पुन्हा पिस्टल. चौथ्या नमुन्यात कार्बन ६८.३९, हायड्रोजन ५.५१. फरक उणे ०.०८ आणि अधिक ०.०४. वाळवतानाची शेवटची घट, राखेची चाचणी, तीन ठिपक्यांना वेगळे करणाऱ्या विद्रावकातली टीएलसी आणि मेथॉक्सीचे पूर्ण सहा हायड्रोजन, हे सगळे आता या अहवालाच्या बाजूने उभे होते. पहिला अहवाल याहून जवळचा होता, ही गंमत आकड्यांत तशीच दिसते.

पाचवा नमुना : पायराझोल आणि अर्धा रेणू पाणी

३६८ मिलीग्रॅम कुरकुमीन १० मिलि ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्लात घेऊन त्यात ०.०६ मिलि हायड्राझिन हायड्रेट घातले आणि आठ तास रिफ्लक्स केले, म्हणजे वाफ थंड करून परत आणत उकळवले. हायड्राझिन विषारी आणि कर्करोगकारक मानले जाते. हातमोजे आणि चालू फ्यूम हूड यांशिवाय बाटली उघडायची नाही, आणि हूडचा पंखा बंद असेल तर त्या दिवशी हे काम नाही. मिश्रणाचा नारिंगी रंग फिका होत गेला. बर्फाच्या पाण्यात ओतून गाळले, आम्लपणा जाईपर्यंत धुतले, मिथेनॉल-पाण्यातून स्फटिक केले.

पायराझोलमध्ये कार्बन २१, हायड्रोजन २०, नायट्रोजन २, ऑक्सिजन ४. अपेक्षित कार्बन ६९.२२, हायड्रोजन ५.५३, नायट्रोजन ७.६९. सोडियमबरोबर वितळवून केलेली लॅसेनची चाचणी निळी आली, म्हणजे पदार्थात नायट्रोजन आहे. नुसते हायड्राझिन या चाचणीत निळा रंग देत नाही, कारण त्यात सायनाइड बनायला कार्बनच नसतो. सीएचएनमध्ये मात्र तो नायट्रोजन मोजला जातो. पण कार्बनी पदार्थात अडकलेल्या हायड्राझिनबद्दल ही चाचणी खात्री देत नाही.

अहवाल: कार्बन ६७.५१, हायड्रोजन ५.७०, नायट्रोजन ७.४९. कार्बन १.७१ ने खाली, हायड्रोजन वर.

आता नायट्रोजन असल्यामुळे आणखी एक गुणोत्तर हाती आले. कार्बन भागिले नायट्रोजन पायराझोलसाठी ९.००. पाण्यात आणि राखेत या दोन्हींपैकी काहीच नसते, म्हणून त्यांनी हे गुणोत्तर हलत नाही. आढळले ९.०१. म्हणजे सांगाडा बरोबर आहे. अ‍ॅसिटिक आम्ल अडकले असते तर ते कार्बन आणते, नायट्रोजन नाही. पाव रेणू अ‍ॅसिटिक आम्लानेही गुणोत्तर ९.२२ वर गेले असते. मिथेनॉलही तसेच ते वर नेते. राख असती तर हायड्रोजन उतरला असता. उरले पाणी.

अर्धा रेणू पाणी धरले तर कार्बन ६७.५५, हायड्रोजन ५.६७, नायट्रोजन ७.५० येतात आणि तिन्ही आकडे चपखल बसतात. बसतात म्हणून तेवढ्यावर लिहून टाकायचे नाही. पाव, अर्धा, पाऊण रेणू पाणी किंवा विद्रावक जोडत जोडत अहवाल जुळवणे हा आपल्या प्रबंधांतला जुना रोग आहे, आणि परीक्षकही तो दरवेळी पकडतात असे नाही. पाणी दुसऱ्या मार्गाने दाखवावे लागते. पाणी थेट मोजणारे कार्ल फिशर उपकरण नव्हते. म्हणून १५० मिलीग्रॅम पायराझोल ११० अंशांवर निर्वातात स्थिर वजनापर्यंत तापवले. घट ३.६ मिलीग्रॅम, म्हणजे २.४ टक्के. अर्ध्या रेणूसाठी अपेक्षित घट २.४१. तापवलेल्या नमुन्याची टीएलसी बदललेली नव्हती, म्हणजे घट विघटनाची नव्हती. बोट झाकण न लावता तराजूजवळ ठेवली तेव्हा वजन पुन्हा चढू लागले. हा पदार्थ कोरडा पाठवूनही केंद्रातल्या माणसाच्या हातात कोरडा राहणार नव्हता. म्हणून अर्जातल्या “ओलावा शोषतो का” या रकान्यात होय लिहिले. चारही जुन्या अर्जांवर तो रकाना रिकामा होता.

प्रबंधात पायराझोलपुढे अर्धे पाणी धरून रेणुसूत्र दिले, खाली वाळवण्याची पद्धत आणि २.४ टक्के घट. कुरकुमीनसाठी चौथ्या नमुन्याचे आकडे दिले. पहिल्या तीन अहवालांचा तक्ता परिशिष्टात ठेवला, प्रत्येकापुढे वाळवण्याची रीत, वजनातली घट आणि राख लिहून.